रशीदभाईंनी निवडलेला टर्बो

सकाळच्या ऑपरेशनांची यादी संपवून कॉफी घेत होते, तेवढ्यात अबू फैसल यांचा फोन आला. सौदीतल्या कतीफच्या सनैयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, त्यांचं गॅरेज आहे. गाडीबद्दल काही सांगायचं असलं तर फोन त्यांच्याकडच्या मेकॅनिकचा, रशीदभाईंचा यायचा, मालकांचा कधीच नाही. त्यामुळे नाव बघूनच मी कप खाली ठेवला... "डॉक्तोरा," ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "रशीद गाँव में... खलास." रशीदभाई सुट्टीवर हर्णैला गेले होते. दुपारी जेवून पडवीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत. दीड महिना झाला त्याला.

मी भूलतज्ज्ञ. राहते कतीफला, काम दम्मामच्या एका खाजगी इस्पितळात. इथे बायकांना गाडीचं लायसन मिळू लागलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. तरी शिकले, आणि घरच्या सगळ्यांनी नको म्हटलेलं असताना मायदेशी परतणाऱ्या एका सहकाऱ्याचा जुना पिकअप घेतला. उंचावर बसून रस्ता बघायची हौस, दुसरं काय! वर्षभरात त्याच्या इंजिनाने मान टाकली. कुणीतरी रशीदभाईंचं नाव सांगितलं म्हणून गेले, तर गाडीखालून एक ठेंगणे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बाहेर आले आणि माझी हिंदीतली दोन वाक्यं ऐकून म्हणाले, "मराठीत बोला की बाई. आमचं गाव हर्णै." अपघातात चेपलेल्या एका मोठ्या मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन त्यांनी शोधून आणलं. ते बसावं म्हणून लोखंडी आधार स्वतः घडवले, वायरींचं जंजाळ एकट्याने सोडवलं. परक्या घरचं ते इंजिन त्यांनी माझ्या पिकअपमध्ये नुसतं बसवलं नाही, नांदवलं.

इथेच थांबायचं, तर मला टर्बोचं वेड लागलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या झोतावर गरगरणारा एक पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडीला जोर येतो. लहान पंखा लवकर जागा होतो, पण त्याचा जोर बेताचा. मोठा उशिरा जागा होतो, पण जागा झाला की गाडी उधळते. महिनाभर मी इंटरनेटवर वाचत होते आणि माझं मन मोठ्यावर बसलं होतं. खरं सांगायचं तर, मला मिरवायला एक आकडा हवा होता. रशीदभाईंना विचारायच्या आधी मी अबू फैसल यांना फोन करून मोठा टर्बो मागवूनही टाकला.

रशीदभाईंनी तो खोक्यातून काढला, पंखा बोटाने फिरवून पाहिला आणि विचारलं, "बाई, तुम्ही गाडी चालवता कशी?"

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन कितीवर फिरतं, ते मला बघायचंय. मी उद्यापासून येतो."

आणि ते खरंच आले. चार दिवस सकाळी साडेसहाला आमच्या फाटकाशी उभे, हातात शाळकरी वही. कतीफपासून दम्मामपर्यंत माझ्या शेजारी बसायचे, दर मिनिटाला इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचे आणि आकडा लिहायचे. गप्पा नाहीत. मी मुद्दाम काही विचारलं तर म्हणायचे, "तुम्ही रोजच्यासारख्या चालवा." इस्पितळाशी उतरून टॅक्सीने गॅरेजला परतायचे. मला तेव्हा ते सगळं जरा विक्षिप्तच वाटलं होतं...

पाचव्या दिवशी ते आले नाहीत. गाडी गॅरेजला दिली, आठवडा गेला, काही निरोप नाही. मी अबू फैसल यांना फोन केला तेव्हा ते तडकलेले होते. तुमचा टर्बो आलाय, पैसे घेतलेत, आणि रशीद लावत नाही म्हणतो. दुसऱ्याकडून लावून घ्या म्हणतो. मी त्याला सांगितलंय, मग इकाम्याचंही दुसऱ्याकडूनच बघ.

इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आणि तो नव्याने करून देणं मालकाच्या हातात. रशीदभाईंची मुदत त्याच महिन्यात संपत होती आणि दोन मुली रत्नागिरीला शिकत होत्या, एवढं मला माहीत होतं. माझ्या हौसेपायी त्यांच्या पोटावर पाय येत होता, आणि त्यांनी मला साधा फोनसुद्धा केला नव्हता. टॅक्सी करून सनैयात गेले. त्यांना माझ्या गाडीवरून काढून तेल बदलायच्या कामाला लावलं होतं.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"माझ्या इकाम्यासाठी घाबरून तुम्ही लहानाला हो म्हटलं असतंत," ते हात पुसत म्हणाले. "हो म्हणायचं तर पटून म्हणायला हवं." आणि त्यांनी वही पुढे केली.

ओळीने आकडे होते. अठराशे, बावीसशे, एकवीसशे, सिग्नल, सतराशे... चार दिवसांत काटा चार हजारांच्या वर गेला होता फक्त दोनदा. "त्यातला एकदा तुम्ही मला दाखवायला पळवलीत," ते म्हणाले. "हा मोठा चार हजारांच्या पुढे जागा होतो. तुमच्या गाडीत तो झोपूनच राहील. आणि कधी जागा झालाच, तर जुन्या इंजिनात, या उन्हात... ते फुटेल तेव्हा आत तुम्ही असाल. मी नाय लावणार."

मी वही घेऊन मालकांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की चूक माझी आहे, मला लहान टर्बो हवाय आणि तो रशीदभाईंनीच बसवायला हवा. अबू फैसल यांनी वहीची पानं उलटली. मराठी आकडे त्यांना कळले नसणार, पण पानं किती भरलीत ते दिसत होतं. "रासह याबिस," ते शेवटी म्हणाले, म्हणजे याचं डोकं म्हणजे नुसतं वाळकं लाकूड. मग हसले. त्याच आठवड्यात इकाम्याचे कागद पुढे गेले.

रशीदभाई चुकत नसत असं नाही. टर्बो बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी ते आमच्या दारात हजर. "तेलाच्या नळीचा वायसर मी जुनाच वापरला. रात्रभर डोक्यात होतं. चावी द्या." गळती मला दिसलीही नव्हती.

त्या उन्हाळ्यात एकदा, वाळूचा वारा सुटलेला असताना, मी हमरस्त्याला लागत होते आणि मागून पाण्याचा टँकर थेट अंगावर आला. त्याला मी दिसलेच नसावे. मी पाय दाबला. गाडीने क्षणाचाही विचार केला नाही, उचलल्यासारखी पुढे निघाली. गाडी कडेला घेऊन मी रशीदभाईंना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "काटा किती होता?"

"बघितला नाही."

"तेवीसशेच्या आसपास असणार," ते म्हणाले, आणि आवाजात जरासं समाधान होतं. तेवढंच.

एक खंत आहे. मी डॉक्टर, आणि रक्तदाब मोजू देणं त्यांनी सात वेळा टाळलं, मी सातही वेळा ऐकून घेतलं. आकड्यांवर इतका विश्वास असलेला माणूस स्वतःचा आकडा मात्र बघायला तयार नव्हता. मी हट्ट धरायला हवा होता, त्यांच्यासारखा...

चावी हातात देताना त्यांनी एकच सूचना केली होती. पळवून आणलीत की लगेच बंद करू नका, एक मिनिट चालू ठेवा. पंखा तापलेला असतो, त्याला निवू द्या. तेव्हापासून रोज मी गाडी लावल्यावर एक मिनिट आत बसते. परवा माझी मुलगी शेजारी होती. तिला मराठी समजतं, पण उत्तरं ती इंग्रजीत देते. "आई, व्हाय आर वी सिटिंग हिअर?"

"रशीदकाकांनी सांगितलंय," मी म्हणाले. सांगितलं होतं, असं काही तोंडून निघालं नाही.

तिने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. इंजिन हळूहळू शांत होत होतं. "अजून वीस सेकंद," ती म्हणाली, मराठीत.