अण्णांचं मागणीपत्र

चाकणच्या आमच्या कंपनीत मला थोडीफार किंमत आहे ती कायझनमुळे. कायझन म्हणजे रोजच्या कामात एखादी छोटीशी सुधारणा शोधायची, आधीचा आणि नंतरचा फोटो बोर्डावर लावायचा आणि टाळ्या घ्यायच्या. एकदा मी स्क्रूचा ट्रे कामगाराच्या डावीकडून उजवीकडे सरकवला. एवढंच. त्याचं प्रमाणपत्र मिळालं, ते मी घरी हॉलमध्ये लावलं. बायकोनं तेव्हाच विचारलं होतं, "ट्रे सरकवल्याचं का सर्टिफिकेट? मग मला रोज एक यायला पाहिजे."

गेल्या दिवाळीनंतर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. सौम्य होतं. पाय पंधरा दिवसांत सुधारला. बोलणं तर दवाखान्यातच इतकं सुधारलं की नर्स त्यांच्या खोलीत यायचं टाळू लागल्या. हात मात्र अडून बसला. डॉक्टर म्हणाले, "पुढचे काही महिनेच आपल्या हातात आहेत. रोज व्यायाम झाला तर बोटं कामाला लागतील, नाहीतर आहेत तशी राहतील." पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेला हात तो. अण्णा त्याच्याकडे बघत बसायचे तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो.

आमच्या घरची सकाळ त्याआधीही काही रम्य नव्हती. सहा चाळीसला मला काळेवाडीच्या चौकात कंपनीची बस गाठायची असते, बायको शिकवते ती शाळा सातला. पाणी एक दिवसाआड येतं, तेही त्याच वेळी. दोन डबे, मशीनचे कपडे, अण्णांची औषधं, आणि त्यात आता त्यांचा अर्धा तास व्यायाम. गॅलरीत बांधलेल्या दोरीला वीस चिमटे लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. रबरी चेंडू दाबायचा. राजम्याचे दाणे चिमटीनं उचलून या वाटीतून त्या वाटीत टाकायचे. पहिला महिना आम्ही हे सगळं एकमेकांवर खेकसत केलं. एकदा तर अण्णांची रक्तदाबाची गोळी मीच घेतली आणि दिवसभर मीटिंगमध्ये कमालीचा समजूतदार वागलो. साहेबांनी कौतुकही केलं.

मग मला वाटलं, आपण एवढे सुधारणावाले, घरात काय झोपा काढतोय? एका रविवारी मी चिकटपट्टी घेऊन कामाला लागलो. ओट्यावर डब्यांच्या जागा पिवळ्या पट्टीनं आखल्या. औषधांना लेबलं लावली. बायकोनं जमिनीकडे बघून विचारलं, "माझी जागा आखायची राहिली का? सांगा, म्हणजे तिथं उभी राहते." आणि फ्रिजवर मी अण्णांसाठी एक छोटा फळा लावला. तीन रकाने: टार्गेट, झाले, बाकी. वर तारीख. मला खरंच वाटलं होतं, आकडा वाढताना दिसला की म्हाताऱ्याला हुरूप येईल.

अण्णांनी फळा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. "बरं हाय," म्हणाले. "साहेब सही कुठं करणार?"

आता एक सांगायला हवं. अण्णा युनियनच्या कमिटीवर होते. मी शिकून इंजिनिअर झालो तेव्हा त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले, पण सुपरवायझर झालो तेव्हा फक्त म्हणाले, "म्हंजे आता तू पलीकडच्या बाजूला." तेव्हापासून रागावले की मला साहेब म्हणतात. हे मला माहीत होतं. तरी मी फळा लावला.

पहिले दोन दिवस टार्गेट पूर्ण झालं. तिसऱ्या दिवशी विसांपैकी बारा चिमटे झाले. चौथ्या दिवशी सात. अण्णा नाही म्हणायचे नाहीत, कुरकुरायचे नाहीत. एक चिमटा उचलायचे, उजेडात धरून तपासायचे, दोरी पुसायचे, मग तो लावायचे. राजम्याचा एकेक दाणा वाटीत अशा बेतानं ठेवायचे की तो दुखावला जाऊ नये. मी घड्याळाकडे बघत विचारायचो, "अण्णा, होतंय ना?"

"काम चालू हाय, साहेब."

आठवड्यात आकडा तीनवर आला आणि माझी झोप उडाली. हात परत जातोय असंच मला वाटलं. फळ्यावरच्या आकड्यांचा उतरता आलेख कागदावर काढून मी सुटी टाकली आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आलेख बाजूला ठेवला आणि आपली दोन बोटं अण्णांच्या मुठीत दिली. "दाबा." डॉक्टरांचा चेहरा बदलला. "अरे वा. मागच्या वेळेपेक्षा पकड चांगली आहे. तुम्ही काळजी कसली करताय?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होते.

घरी परतताना लिफ्टमध्ये मी विचारलं, "अण्णा, हा काय प्रकार आहे?"

"गो-स्लो," ते शांतपणे म्हणाले.

ज्यांच्या घरात कारखाना नाही त्यांच्यासाठी सांगतो. गो-स्लो म्हणजे संप नव्हे. कामगार वेळेवर येतो, मशीन चालू ठेवतो, पण काम असं संथ करतो की मॅनेजमेंटला घाम फुटावा आणि बोट मात्र कुठंच ठेवता येऊ नये. माझ्या नोकरीत मी दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा लांबून ओळखला होता. स्वतःच्या गॅलरीत मात्र ओळखता आला नाही.

"मग मागण्या काय आहेत तुमच्या?"

"अशा तोंडी न्हाई सांगत. लेखी दीन."

ते लेखी यायला चार दिवस लागले. सुनेच्या शाळेतली एक जुनी वही त्यांनी काढली, पेन्सिलीला फडकं गुंडाळून जाड केलं आणि उजव्या हातानं लिहायला बसले. डाव्या हातानं लिहिलेलं मागणीपत्र टिकत नाही असं त्यांनी सुनेला सांगितलं म्हणे. ती मला फोनवर म्हणाली, "अहो, दीड तास झाला, मान वर केली नाही त्यांनी. तुम्ही त्या फळ्यावर हे कुठल्या रकान्यात लिहिणार?"

रविवारी जेवणाच्या टेबलावर वाटाघाटी झाल्या. बायको लेबर कमिशनर म्हणून मध्ये बसली. अक्षरं कोंबड्याच्या पायांसारखी होती, पण वाचता येत होती. एक, सदरहू फळा त्वरित काढावा. दोन, पेपर वाचून होईपर्यंत व्यायामास बोलावू नये. तीन, डोक्यावर उभं राहून घड्याळ बघू नये; बघायचंच असेल तर शेजारी बसावं. चार, रिकाम्या दोरीला चिमटे लावणं हे काम नव्हे, खरे कपडे द्यावेत.

चौथ्या मागणीवर मी अडलो. "अण्णा, कपडे तुम्ही वाळत घालणार? लोक काय म्हणतील? म्हातारपणी राबवतोय म्हणतील."

"अन् चिमटा लावून काढायचा, लावून काढायचा, हे काय हाय मग? तुज्या कंपनीत माणसाला असं बिनपार्टाचं मशीन चालवायला लावतोस का?"

मी माझी एक अट घातली: गो-स्लो मागे घ्या. अण्णा म्हणाले, सही झाल्यावर. कमिशनरबाईंनी निकाल दिला की चारही मागण्या रास्त आहेत, आणि ओट्यावरच्या पिवळ्या पट्ट्याही याच करारात निघतील. ही पाचवी मागणी कुठून आली हे विचारायची सोय नव्हती.

तेव्हापासून आमची सकाळ बदलली. वेळ अजिबात वाचला नाही, उलट मीच दहा मिनिटं आधी उठतो. दोरी खाली बांधली. मी बादली घेऊन स्टुलावर बसतो, एकेक कपडा झटकून देतो, अण्णा चिमटे लावतात. माझे शर्ट ते उलटे टांगतात आणि कॉलरी बघून मी काल किती घाम गाळला याचा अंदाज सांगतात. अंदाज नेहमी कमी असतो. पूर्वी मला त्या अर्ध्या तासात फक्त बस दिसायची. आता शेजारच्या बिल्डिंगमधला माणूस रोज कुत्र्यापेक्षा बायकोला कसा जास्त घाबरतो, अण्णांच्या खात्यात एका वायसरची, म्हणजे वॉशरची, पूजा का झाली होती, असं काहीबाही कळतं. दिवस तेवढाच अवघड असतो. पण त्याची सुरुवात तरी माझ्या विरोधात होत नाही, आणि हे मी कुठल्याही बोर्डाशिवाय छातीठोकपणे सांगू शकतो.

मागच्या आठवड्यात दुसरं मागणीपत्र आलं. एकच ओळ होती: सकाळचा चहा मी करणार. गॅस, उकळतं पातेलं, तो हात. मी लगेच नाही म्हणालो. कमिशनरबाईंनी माझ्याकडे न बघताच स्वयंपाकघराचा दिवा लावला.

मी दारातच उभा राहिलो. शेजारी बसायच्या तिसऱ्या मागणीची आठवण झाली तेव्हा ओट्याशेजारी स्टूल ओढून बसलो. अण्णांनी उजव्या हातानं सांडशी धरली, पातेलं उचललं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून बाहेरच राहतात, ती बहुधा तशीच राहतील. पातेलं कललं. गाळणीत थोडा चहा गेला, थोडा ओट्यावर. कपात पाऊण भरला. अण्णांनी पातेलं खाली ठेवलं आणि सांडशी सोडायला त्यांना थोडा वेळ लागला, बोटं सुटेनात.

"साखर जास्त झालीय," मी पहिला घोट घेऊन म्हणालो.

"उद्या कमी घालतो," अण्णा म्हणाले, आणि दुसऱ्या कपासाठी पातेलं उचललं.