केळीची वॅगन आणि धुळ्याची फायनल

हे सांगितल्याशिवाय मला चैनच पडणार नाही. यंदा आमची जळगावच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम फायनलला पोचली! मुरमाचं मैदान, रिंगला जाळी नाही, बॉल मोच्याकडून शिवून आणलेला, तरी पोचली. कारण एकच, आमचा लंबू. यावलकडच्या केळीवाल्याचा पोरगा. आपण बॉल त्याच्या छातीशी पोचवायचा, पुढचं तो बघतो. तो नसला तर आम्ही नुसतेच पळणारे.

आणि फायनलच्या ऐन तोंडावर त्याच्या घरून सांगावा, केळीसाठी रेल्वेची वॅगन मिळाली, लगेच ये. आता वॅगन मिळाली की त्याच दिवशी भरायची, नाही तर कापलेला माल पिकून वाया. मजूर सगळे दुसऱ्यांच्या मालावर गेलेले. लंबू पिशवी भरायला लागला. मग काय, आम्ही सगळेच त्याच्याबरोबर मोटारीत बसलो.

त्याच्या वडिलांना सगळे नाना म्हणतात. आम्ही त्यांना मॅचचं सांगितलं, लंबूला सोडा म्हणून गळ घातली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग घड कोन भरीन? तुमी?"

आम्ही हो म्हणून बसलो.

स्टेशनवर बैलगाड्यांपासून वॅगनपर्यंत आमची रांग. घड हातातून हातात. पहिलाच मी असा झेलला की नानांनी डोळे मिटले. मग त्यांनी शिकवलं, दांडा धरायचा, छातीशी घ्यायचा, ठेवताना आवाज येता कामा नये, डाग पडला की भाव गेला. आमच्या टीमचा गार्ड, बुटका, आत वॅगनमध्ये. तो प्रत्येक घड पानांवर असा निजवायचा, जणू बाळ झोपलंय. नाना त्याच्याकडेच बघत राहिले. दुपार कलली, वॅगन भरली, दार लागलं. नाना लंबूला एवढंच म्हणाले, "जाय. खेळ."

धुळ्याला देवपुरात मैदानावर उतरलो तेव्हा आमच्या पांढऱ्या बनियनांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. तिथली पोरं विचारायला लागली, काय रे, गॅरेजमधून आलात का? पण काय खेळलो आम्ही! पास असे मऊ, की लंबूच्या हातात बॉल आपोआप बसायचा. शेवटपर्यंत बरोबरी. आणि तेव्हा बुटक्यानं पास घेतला, छातीशी धरला, वळला, वाकला, आणि बॉल अलगद जमिनीवर ठेवून दिला.

ठेवून दिला! आणि पुढच्या घडासाठी हात पसरले. समोरच्या पोरानं बॉल उचलला, धावत जाऊन टाकला, शिट्टी वाजली. अख्खं देवपूर हसत होतं.

बुटका मैदानातच बसला, मान वर करेना. लंबू त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. "अरे, तू तसं ठेवत होतास म्हणून तर नानांनी मला सोडलं. नाही तर मी इथे असतो का?"

बुटका रडता रडता हसला. आम्हीही. खरं सांगतो, ढाल त्यांच्याकडे गेली पण मला काही कमी वाटलं नाही. लंबू खेळला, आमच्यात खेळला.

नंतर नानांना सगळं कळलं. त्यांनी लंबूकडून निरोप धाडला, "पुढच्या सालीबी या. तो बुटका तर पायजेच."