सुलूआक्कांचा झोन

सुलूआक्का चौगुले बास्केटबॉलची मॅच कधी बसून बघत नसत. बसायला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, कुणी ना कुणी सतरंजीचा तुकडाही सरकवून देई. पण रेफरीनं बॉल वर उडवला की आक्का उभ्या. पाय जरासे फाकवलेले, एक खांदा खांबाला टेकलेला, पिशवी काखेत. नोकरीची सगळी वर्षं एस.टी.त कंडक्टर म्हणून गेलेली. चालत्या गाडीत उभं राहायची सवय अंगात इतकी मुरलेली की खाली जमीन असली तरी त्या मधूनच वळण आल्यासारख्या झुकत.

मी नाशिकहून कोल्हापूरला भूगोल शिकवायला आले तेव्हा प्राचार्यांनी मला पहिल्याच आठवड्यात क्रीडा समितीवर घातलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘तुम्ही उंच आहात.’ आमचं कॉलेज लहान, मैदान त्याहून लहान, पण मुलींची बास्केटबॉलची टीम होती. पहिल्या मॅचला मी कोर्टच्या कडेला उभी राहून आपल्या मुली नेमक्या कुठल्या, ते ओळखायचा प्रयत्न करत होते. मागून आवाज आला, "ओ मॅडम, पुढं सरका. रिंग दिसंना झाल्या."

मी सरकले.

"अजून सरका. पुढं जागा हाय."

त्या दिवशी मॅच संपेपर्यंत मी दोनदा जागा बदलली आणि एकदा त्यांची पिशवी धरली. शेवटी त्यांनी मला शेंगदाणे दिले आणि म्हणाल्या, "उद्या पण या. उद्या मी तुमास्नी फाउल शिकवतो." कोल्हापुरात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आक्का या खेळाकडे आल्या त्या ड्यूटीवर असताना. गारगोटीकडच्या एका कॉलेजच्या मुली आक्कांच्या गाडीनं कोल्हापूरला मॅच खेळायला निघाल्या होत्या आणि वाटेत गाडी पंक्चर झाली. मुली रडकुंडीला आल्या. वेळेत पोचलं नाही तर न खेळताच हरल्या असं धरतात. गाडी स्टँडवर लागली, आक्कांनी हिशेब दिला आणि खाकी गणवेशातच मुलींबरोबर मैदानावर गेल्या. रेफरीला म्हणाल्या, "चूक गाडीची हाय, पोरींची न्हाय. काय लिहायचं ते माझ्या नावानं लिवा." रेफरी बिचारा त्या आवाजापुढं काय बोलणार. मॅच झाली. गारगोटीच्या मुली सपाटून हरल्या. पण आक्का म्हणत, "मॅडम, त्या हरत होत्या आणि तरी पळत होत्या. शेवटची शिट्टी झाली तरी एक पोरगी पळतच होती. म्हटलं, ह्ये काय तर येगळं हाय." त्यानंतर त्यांची एकही मॅच चुकली नाही. ड्यूटी बदलून घेत, रजा टाकत, आणि निवृत्त झाल्यावर तर कळंब्याहून रोज सकाळी दुचाकीवर हजर.

कोल्हापूर हे फुटबॉलचं गाव. पेठांच्या मॅचला इथं माणसं भिंतीवर, झाडावर, गच्चीवर बसतात. आमच्या मॅचला फार तर दोन पायऱ्या भरत. आक्कांना त्याचं कौतुकच होतं. "गर्दी न्हाय म्हंजे मोकळं बघाय मिळतंय," म्हणायच्या. मॅचनंतर आम्ही सगळे बाहेरच्या चहाच्या गाड्यावर जमायचो आणि तिथं खरी मॅच सुरू व्हायची: कोणतं कॉलेज भारी आणि कोणता झोन तगडा.

विद्यापीठाचे विभाग जिल्ह्यांप्रमाणे. त्यांना सगळे झोन म्हणत. आधी झोनमधली कॉलेजं आपसात खेळतात, मग प्रत्येक झोनमधल्या वरच्या टीम एकमेकींशी. त्यामुळं ‘आमचा झोन तुमच्यापेक्षा अवघड’ हा वाद वर्षभर पुरायचा. आक्कांचं याबाबतीत स्वतंत्र शास्त्र होतं आणि ते सगळं एस.टी.त तयार झालेलं. "गारगोटीच्या पोरी उभ्यानं येत्यात, एक हात कायम वर, दांड्याला. रिबाउंडला, बॉल रिंगवरनं परत आला की, हात आपोआप वर जातोय. इचलकरंजीची पोरं खिडकीसाठी भांडत्यात, ती फाउल करणारच. आणि राधानगरीची गाडीत झोपत्यात. पहिल्या क्वार्टरला त्यांचं काय खरं न्हाय." एवढं बोलून त्या निकाल जाहीर करत. तो निम्म्या वेळा साफ चुकायचा. चुकला की अजिबात न लाजता म्हणत, "गाडी लेट हाय. येती."

या गाड्यावर एक दिवस दिनकरराव आले. मिरजेत त्यांचं चष्म्याचं दुकान. तरुणपणी स्वतः बास्केटबॉल खेळलेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, दुकान पुतण्यावर सोपवून ते सांगली झोनच्या टीमबरोबर गावोगाव हिंडत. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. आम्ही लहानथोर सगळे ‘आक्का’ म्हणायचो, पण हे गृहस्थ पहिल्या दिवसापासून ‘कंडक्टरबाई’ म्हणत. आम्हाला ते खवचट वाटलं. माणूस किती लांबचं बघतोय, ते पुढं कळलं.

"कंडक्टरबाई," ते म्हणाले, "तुमच्या झोनमध्ये दोन कॉलेजं खेळतात, बाकीची टाळ्या वाजवतात. आमच्यात कोण कुणाला हरवेल सांगता येत नाही. ह्याला झोनची ताकद म्हणतात."

"ह्याला गोंधळ म्हणत्यात," आक्का म्हणाल्या. "आणि पावणं, मगाशी ढळढळीत फाउल झाला तवा तुमी टाळ्या वाजवल्या. चष्म्याचं दुकान हाय न्हवं तुमचं?"

दिनकरराव हसले आणि त्यांनी पिशवीतून भडंगाचा पुडा काढून पुढं केला. आक्कांनी हात लावला नाही. "आमच्याकडं पण मिळतंय भडंग," म्हणाल्या.

पुढच्या हंगामात चमत्कार झाला. आमचं कॉलेज, ज्याला झोनमध्ये कुणी विचारत नसे, ते पहिलं आलं. कारण एकच, कबनूरची तेजू. वडील यंत्रमागावर, पोरगी पहिल्या वर्षाला, आणि उंची अशी की प्राचार्यांनी मला क्रीडा समितीवरून काढावं अशी मला आशा वाटू लागली. झोनांच्या मॅचेस त्या वर्षी कोल्हापुरातच होत्या आणि फायनलला समोर सांगलीचं कॉलेज. आदल्या दिवशी चहाच्या गाड्यावर पैज लागली. सांगली हरली तर दिनकररावांनी याच गाड्यावर उभं राहून मोठ्या आवाजात कोल्हापूर झोन तगडा म्हणायचं. कोल्हापूर हरलं तर आक्कांनी पुढचा अख्खा हंगाम सांगलीच्या मैदानावर, सांगलीच्या बाजूनं उभं राहायचं.

"मोठ्या आवाजात जमंल का तुमास्नी?" आक्कांनी विचारलं.

"सराव करतो," दिनकरराव म्हणाले.

ती मॅच मी अजून कुणालाही सांगते तेव्हा हातवारे करते. पुढं मागं, पुढं मागं करत शेवटी दोन पॉइंटनं आम्ही मागं, वेळ संपलेली आणि तेजूला दोन फ्री थ्रो. पहिला आत गेला. दुसरा रिंगवर बसला, फिरला, विचार केल्यासारखा थांबला आणि बाहेर पडला. सांगलीच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. तेजू तिथंच खाली बसली.

आक्का खांब सोडून सरळ कोर्टात गेल्या. तेजूला उठवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "रिंग वाकडी हाय पोरी. मी सांगतो प्राचार्यास्नी." रिंग चांगली सरळ होती. मग तशाच वळून त्या दिनकररावांपुढं उभ्या राहिल्या. "कवा यायचं ते सांगा."

दिलेला शब्द आक्कांनी पाळला. पुढच्या हंगामात आमच्या मैदानावरचा खांब रिकामा आणि आक्का सकाळच्या गाडीनं सांगलीला. सुरुवातीला फोन यायचे. "मॅडम, हितं लई हळू वरडत्यात. मला एकटीला सगळं वरडाय लागतंय." मग फोनचा सूर बदलला. "त्या तासगावच्या पोरी काय पळत्यात म्हणून सांगू." मग एकदा म्हणाल्या, "दिनकरराव डबा घिऊन येत्यात. वांगं बरं करत्यात." आणि एकदा, चौकशी न करता, स्वतःहून, "भडंग त्यांच्याकडचं जरा खमंगच हाय." त्या वाक्यावर मी फोन ठेवून एकटीच खूप वेळ हसले.

उन्हाळ्यात त्यांनी मला कळंब्याला बोलावलं. "तुमी निस्तं बसा. शिकलेलं माणूस घरात असलं की आमचा संदीप आवाज चढवत न्हाय." संदीप त्यांचा मुलगा, शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. सून पल्लवी चहा करत होती. भावकीतली माणसं आदल्या दिवशीच येऊन गेली होती आणि या वयात लग्न हे काय, असं बोलून गेली होती. त्यांना आक्कांनी दारातच उत्तर दिलं होतं, "तिकीट मी काढलंय. कुठं उतरायचं ते मी बघतो." पण मुलासमोर त्यांचा तो आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. हात मांडीवर ठेवून त्या मान खाली घालून बसल्या होत्या.

"मॅच बघाय जातो म्हणालतीस," संदीप म्हणाला.

"मॅचच बघत हुतो."

"मग?"

"मग मॅच संपल्यावर पण बरं वाटाय लागलं."

संदीपनं भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडं पाहिलं. तो लहान असतानाच ते गेले होते. "ह्यांचं काय?"

आक्कांनी मान वर केली. "फोटो हितंच राहूदे, तुझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "तुला त्यो लागंल. मला ते तोंडपाठ हायेत."

पल्लवी दारात ट्रे घेऊन थांबली होती, तशीच थांबून राहिली. संदीपनं डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पण सगळी दुनिया सोडून सांगली झोनवालाच मिळाला तुला? एवढी वर्षं त्यांना शिव्या द्यायला शिकवलंस मला."

पल्लवी ट्रे सांभाळत फिसकन हसली. मग आक्का हसल्या, मग संदीप, आणि मी इतकी हसले की ठसका लागून मला पाणी द्यावं लागलं. संदीपनं अट घातली ती एकच, महिन्यातून दोन रविवार कळंब्याला यायचं. दिनकररावांनाही घेऊन.

लग्नाची नोंदणी झाल्यावर सगळे नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो. दोन्ही कॉलेजांच्या मुली आल्या होत्या. घाटावर बासुंदी खाताना कुठल्या झोनच्या मुली जास्त खातात यावर त्यांची जुंपली आणि निकाल द्यायला नव्या नवरीला बोलावलं गेलं. हिरव्या साडीत, हातात वाटी घेऊन आक्का म्हणाल्या, "सगळ्या फाउल. दोन दोन वाट्या एका टायमाला धरायच्या न्हाईत." दिनकररावांनी त्या दिवशी आपलं ते हळू बोलणं सोडून आयुष्यातलं बहुधा सर्वांत मोठ्या आवाजातलं वाक्य उच्चारलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "कोल्हापूर झोन तगडा आहे." पैज ते जिंकले होते, त्यांना म्हणायची काही गरज नव्हती. आक्का नदीकडं बघत राहिल्या.

यंदाच्या हिवाळ्यात झोनांच्या मॅचेस सांगलीला झाल्या. तेजू आता शेवटच्या वर्षाला. फायनलला पुन्हा आम्ही आणि सांगली. आम्ही मैदानात शिरलो तेव्हा आक्का पलीकडच्या बाजूला उभ्या होत्या, नव्या चष्म्यात. मुली धावत जाऊन पाया पडल्या. आक्कांनी एकेकीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जेवलासा व्हय? बरं. आज तुमास्नी सोडत न्हाय मी."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण मॅच सुरू झाली आणि त्यांनी आवाज लावला तो सांगलीसाठी. एकेका मुलीचं नाव घेऊन, तिची आई असल्यासारखा. तेजूच्या हातात बॉल आला की, "डावीकडनं येती ती, डावं बंद करा," म्हणून ओरडत होत्या. तेजूला डावीकडून यायला सांगणाऱ्या याच होत्या. आमच्या मुली भांबावल्या. मला मनातून रागच आला. मध्यंतरात तेजूला समजवायला गेले तर ती घाम पुसत हसत होती. "मॅडम, आक्का खरंच खेळाय लागल्यात आज," म्हणाली. "आता उजवीकडनं जातो."

उजवीकडून गेली, आणि आम्ही जिंकलो. चांगल्या फरकानं जिंकलो. मुलींनी मला उचललं आणि माझ्या उंचीमुळं लगेच खाली ठेवलं.

सगळं शांत झाल्यावर आक्का कोर्ट ओलांडून माझ्याकडं आल्या. डोळे ओले होते, पण ते हरल्याचे की कशाचे, ते मला विचारता आलं नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "मॅडम, तुमचा झोन लई तगडा हाय."

तुमचा. त्यांनी तो शब्द सहज उच्चारला, आणि कळंब्याहून त्या गेल्याला इतके महिने झाले होते तरी माझ्यासाठी त्या खऱ्या अर्थानं गेल्या त्या क्षणी. मी मान हलवली.

"पण आमच्या सांगलीला कमी समजू नगा," त्या पुढं म्हणाल्या. "तेजू पास हुन जाईल आता. पुढच्या वर्षी तुमच्याकडं कोण हाय?"

मी म्हटलं, कुणी ना कुणी येईलच.

"येऊदे की. आमी हितंच हाय," आक्का म्हणाल्या आणि पिशवी काखेत मारून गेटकडं चालू लागल्या. तिथं दिनकरराव स्कूटर सुरू करून थांबले होते, आणि ते दोघं मागचा फाउल नक्की कुणाचा यावरून भांडत, हसत, मिरजेच्या रस्त्याला लागेपर्यंत मला दिसत होते.