ओल्या घराचं भाडं

ऑकलंडमधल्या आमच्या पहिल्या घरमालकाचा मला अजून राग येतो. तो मराठी होता, आणि त्याच कारणासाठी आम्ही त्याचं घर घेतलं होतं. नवऱ्याला आयटीत काम मिळून पुण्याहून येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. प्रत्येक एजंट आधीच्या घरमालकाचं पत्र मागायचा. ते आम्ही आणणार कुठून? मग गणपतीच्या एका कार्यक्रमात हा गृहस्थ भेटला. पन्नाशीचा, बॉटनी डाउन्सला मोठं घर, शिवाय भाड्याने दिलेली दोन-तीन घरं. म्हणाला, "माउंट रॉस्किलला माझं एक घर रिकामं आहे. आपल्या माणसांकडे कसली पत्रं मागायची? मला काका म्हणा." आम्ही काका म्हणू लागलो.

ते वसंतातले दिवस होते, इथे वसंत सप्टेंबरात येतो. लाकडी फळ्यांचं बैठं घर, दारात लिंबाचं झाड, तीन खोल्या. भाडं आठवड्याला द्यायचं, ही इथली पद्धत. महिन्याचा पगार आणि आठवड्याचं भाडं यांचं गणित कधी जुळत नसे. पगार जमा व्हायचा आणि तोंड वर करून बघेपर्यंत निम्मा गेलेला असायचा. मी पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करत असे. इथे तो अनुभव कुणी विचारात घेईना, म्हणून सुपरमार्केटमध्ये काम धरलं. शेल्फवरच्या किमतींच्या पट्ट्या बदलायच्या, सकाळी सहा ते दुपारी दोन. ज्या वर्षी इथे दूध, चीज, लोणी सगळं एकदम महागलं, त्या वर्षी त्या सगळ्या पट्ट्या माझ्या हातांनी बदलल्या. एकदा एक म्हातारा गोरा माझ्या शेजारी थांबला, नव्या पट्टीकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "आता आणखी काय करून ठेवलंस?" किंमत जणू मीच ठरवली होती. मी सॉरी म्हटलं. का म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मे महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. अडुसष्ट वर्षांच्या, शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या बाई. भारतातून निघताना मे म्हणजे कडक ऊन, आणि इथे उतरल्या ते थेट हिवाळ्यात. तोवर घराने आपलं खरं रूप दाखवायला सुरुवात केली होती. भिंतींच्या पोटात थंडी अडवणारं काही भरलेलंच नव्हतं. सकाळी खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळायचं आणि मी टॉवेलने ते टिपून बादलीत पिळायचे. सासूबाईंच्या खोलीत कपाटामागची भिंत काळी पडली होती. कपाट पुढे ओढलं तर बुरशी हातभर पसरलेली. त्यांचे रेशमी ब्लाउज, चामड्याची पर्स, बरोबर आणलेली पुस्तकं, सगळ्याला कुबट वास. तिसऱ्या आठवड्यात त्यांना खोकला लागला, तो हटेना.

आम्ही मालकाला फोन केला. तो शनिवारी आला, बूट न काढता घरभर फिरला आणि भिंतीवर बोट फिरवून म्हणाला, "हे घराचं नाही, तुमच्या राहण्याचं आहे. कपडे आत वाळत घालता ना?"

"पाऊस पडतोय दहा दिवस," मी म्हटलं. "बाहेर कुठे घालू?"

"ड्रायर घ्या. आणि रोज तीन-तीन शेगड्यांवर उकळत ठेवता, त्याची वाफ जाणार कुठे? गोऱ्यांच्या घरात कधी बघितलीत अशी बुरशी? खिडक्या उघड्या ठेवा."

"थंडीत खिडक्या उघड्या ठेवायच्या?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

"हीटर लावायचा, मावशी, आणि खिडकी थोडी उघडी ठेवायची. असंच असतं इथे."

म्हणजे पैसे देऊन हवा तापवायची आणि ती रस्त्यावर सोडून द्यायची. मी हे त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतं. मी चहा टाकला. जाताना त्याने दारातल्या झाडाची लिंबं पिशवी भरून तोडून नेली.

हीटर आमच्याकडे एकच होता, तेलाचा, चाकांवर या खोलीतून त्या खोलीत ढकलायचा. जूनचं विजेचं बिल आलं तेव्हा नवरा ते हातात धरून स्वयंपाकघरात नुसता उभा राहिला. आधीच्या महिन्याच्या दुप्पट होतं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार की नाही, हे ऑफिसात अजून कुणी सांगत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, तो कामावर असताना, मी सासूबाईंना म्हटलं, "अहो आई, दिवसा तुम्ही एकट्याच असता, तेव्हा हीटर नाही लावला तर चालेल का? दोन ब्लँकेटं आहेत ना."

"चालेल की," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर मिटलं, याचं मला तेव्हा बरं वाटलं.

त्यानंतर त्या रोज सकाळी बाहेर पडू लागल्या. स्वेटर, शाल, कानटोपी, पायात मोजे आणि बूट. म्हणायच्या, "लायब्ररीत जाते वाचायला." सुपरमार्केटमधून मी घरी येईपर्यंत त्या गेलेल्या असत आणि थेट चारला परतत. मला कौतुक वाटायचं. पुण्यात मैत्रिणींना मी फोनवर सांगायचे, आमच्या आई बघ किती छान रमल्यात, रोज लायब्ररीत जातात.

ऑगस्टमधल्या एका दुपारी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. मॉलमधल्या फर्निचरच्या दुकानातली मुलगी बोलत होती. तुमच्या सासूबाई इथे आहेत, त्यांच्या पर्समध्ये तुमचा नंबर सापडला, त्यांना न्यायला याल का, असं तिने विचारलं. बस पकडून मी पोचले तेव्हा सासूबाई दुकानाच्या दाराशी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. विकायला मांडलेल्या एका पलंगावर त्यांना झोप लागली होती. बूट काढून, ते नीट जोडून ठेवून. मुलीने दोनदा उठवलं, तरी जाग आली नाही, म्हणून ती घाबरली आणि मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, "हे तिसऱ्यांदा आहे. हे दुकान आहे, विसाव्याची जागा नव्हे."

बसमध्ये मी विचारलं, "अहो, लायब्ररीत जाता ना तुम्ही?"

"सोमवारी ती उशिरा उघडते," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आणि तिथे आडवं होता येत नाही. रात्री खोकल्याने झोप होत नाही गं. दुकानात उबदार असतं."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस."

मी नवऱ्याला सांगितलं नाही. त्यांच्या शब्दाखातर नाही. हीटर बंद ठेवा म्हणणारी मी होते, म्हणून. त्या संध्याकाळी मी हीटर त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला आणि म्हटलं, आता हा इथून हलवायचा नाही. त्यांनी मान डोलावली. पण माझ्याकडून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढच्याच रविवारी मालकाकडे सत्यनारायण होता. मला जायचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पूजेला बोलावलंय, जायचं." बॉटनी डाउन्सचं ते घर आत पाऊल टाकताच अंगावर आलं, इतकं उबदार. फरशीसुद्धा पायाला कोमट लागत होती. लोक सुती झब्ब्यात फिरत होते. सासूबाईंनी शाल काढली, मग स्वेटर काढला, मग आतला दुसरा स्वेटर. सगळ्यांच्या घड्या घालून शेजारी ठेवल्या. प्रसाद घेऊन सगळे बसले असताना मालक त्यांना म्हणाला, "काय मावशी, करमतंय ना न्यूझीलंडमध्ये?"

वर्गात बोलावं तशा स्वच्छ, कोपऱ्यापर्यंत पोचणाऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा करमलं. तुमचं हे घर फार उबदार आहे. तुमच्या त्या घरात मी कानटोपी घालून झोपते, आणि भिंतीवर बुरशी आहे. ते घर एकदा मंडळींना दाखवा."

वीस-पंचवीस माणसं होती. मालक हसला. त्याची बायको सर्वांना आणखी शिरा वाढायला उठली. गाडीत नवरा आईवर चिडला, "तिथे बोलायची काय गरज होती?" मी मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत होते.

आठ दिवसांत पत्र आलं. मालकाच्या मुलीला राहायला घर हवंय, तरी बेचाळीस दिवसांत जागा सोडावी. इंग्रजीत, नियमाला धरून, खाली सही. फोन केला तर काका उचलेनात. घरच्या माणसाला राहायचं असेल तर मालकाला एवढ्या कमी मुदतीत घर रिकामं करून मागता येतं, असं कळलं. त्याची मुलगी ऑस्ट्रेलियात शिकत होती, हे पूजेत तिच्या आईनेच मला कौतुकाने सांगितलं होतं.

आम्हाला पापाटोएटोला दोन खोल्या मिळाल्या. लहान, पण उत्तरेकडे तोंड, म्हणजे इथे दिवसभर ऊन. सामान हलवून आठवडा झाला नव्हता तोच माउंट रॉस्किलच्या जुन्या कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानात, काचेवर चिकटवलेलं कार्ड मला दिसलं. जुन्या पत्त्यावर आलेली आमची टपालाची पाकिटं तिथे ठेवली होती, ती घ्यायला मी गेले होते. "सनी, वॉर्म फॅमिली होम," आणि खाली आमचाच पत्ता. भाडं आमच्यापेक्षा चाळीस डॉलरने जास्त. मी ते कार्ड काढून खिशात घातलं. डेअरीवाल्या गुजराती काकांनी बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

वर मालकाने आमचं डिपॉझिटही अडवलं. भिंती घासून रंगवायचा खर्च म्हणे. भाड्याची भांडणं मिटवणाऱ्या सरकारी कार्यालयात आम्ही समोरासमोर बसलो. मध्यस्थ बाई गोरी, दमलेली, पण ऐकून घेणारी. मालक अस्खलित इंग्रजीत आमच्या स्वयंपाकाबद्दल बोलला, "त्यांच्याकडे खूप वाफाळतं शिजतं." त्यांच्याकडे. मी टेबलावर कपाटामागच्या भिंतीचे फोटो ठेवले आणि मग ते कार्ड ठेवलं. तो मराठीत हळूच म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्याच माणसाला इथे ओढायचं?" मी इंग्रजीत उत्तर दिलं, सगळ्यांना कळेल असं. "मला तुमचं माणूस व्हायचं नाही." मध्यस्थ बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. खोट्या कारणाने घर खाली करून घेतल्याबद्दल त्याला काही झालं नाही. मुलीचा बेत बदलला, एवढंच त्याने सांगितलं, आणि तेवढं पुरलं.

नोव्हेंबरात सासूबाई परत गेल्या. खोकला कमी झाला होता, गेला नव्हता. विमानतळावर त्यांनी मुलाच्या खांद्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्हीच या. मी काही आता यायची नाही."

"असं का म्हणता, आई?"

"वय झालं," त्या म्हणाल्या. त्या दुपारचं त्यांनी मुलाला कधीच सांगितलं नाही, आणि मीही नाही.

त्या आत गेल्यावर मला सगळ्यात आधी वाटलं ते असं की पुढचा हिवाळा थोडा स्वस्त जाईल. हे वाटायला मला काही प्रयत्न करावा लागला नाही. पार्किंगचे पैसे भरताना नवरा डोळे पुसत होता आणि मी सुटे शोधत होते. या देशाने मला काय काय दिलं, याची यादी लोक मला अधूनमधून ऐकवतात. मी ती ऐकून घेते. तो घरमालक मात्र अजून दर गणपतीला पहिल्या रांगेत बसतो, आरतीचं तबक फिरवतो, आणि ते माझ्याजवळ येतं तेव्हा मी हात पुढे करत नाही.