वल्हेवाल्या लांपोनचा नकार

लांपोन वल्ही करायचा, आणि वल्ही तो खरोखर चांगली करायचा. गळा मात्र यथातथाच. तरी त्या वसंतात दिओनिसोस देवाच्या उत्सवातल्या नाटकासाठी गाणाऱ्यांच्या मेळ्यात त्याची निवड झाली. मेळा ओळी धरून उभा राहतो आणि कच्चे गडी मधल्या ओळीत घालतात, म्हणजे प्रेक्षकांना ते फारसे दिसत नाहीत. लांपोनची जागा मधल्या ओळीत होती. घरी सांगताना त्याने तेवढं गाळलं.

पिरेउसच्या बंदरात त्याला मान होता, तो मात्र वल्ह्यांमुळे नव्हे. तो होता धाकट्या भावामुळे. हाग्नोन त्याचं नाव. गलबत पाण्यात लोटताना त्याचा जिवलग मित्र देक्सिओस याने घाईत टेकू काढला आणि हाग्नोन गलबताखाली चेंगरून गेला. न्यायाधीशांनी निकाल दिला की हे मुद्दाम केलेलं नाही, पण रक्त सांडलंय, तेव्हा देक्सिओसने देश सोडावा. मेलेल्याच्या घरच्या सगळ्यांनी क्षमा केली तरच त्याने परत यावं. त्याआधी या मातीवर पाय ठेवला तर कोणीही त्याला मारावं. बापाने डोळे मिटण्याआधी क्षमा केली. चुलत्यांनीही केली. लांपोन नाही म्हणाला, आणि एकाचं 'नाही' पुरेसं असतं.

पहिली काही वर्षं ते दुःखच होतं, त्यात खोट काढायला नको. पुढे दुःख ओसरलं आणि नकार तेवढा उरला. धक्क्यावर बसलेली माणसं सरकून त्याला जागा द्यायची. "भावाला विसरला नाही हो," असं त्याला ऐकू जाईल इतपत हळू म्हणायची. क्षमा केली असती तर तो उरला असता नुसता वल्हेवाला. हे लांपोनला पक्कं ठाऊक होतं आणि ठाऊक असूनही तो गप्प बसून होता. आपल्याच गावच्या माणसाबद्दल हे सांगताना माझी मान खाली जाते, पण झालं ते असंच.

देक्सिओसची म्हातारी आई फिलिन्ना धक्क्यावर जवाच्या भाकरी विकायची. दर वसंतात, समुद्र शांत होऊन होड्या सुटायला लागल्या की ती लांपोनच्या दारात यायची.

"यंदा तरी, बाबा?"

"मावशी, तो विषय नको."

"बरं. नको तर नको."

जाताना ती उंबऱ्यावर एक भाकरी ठेवून जायची. लांपोन ती खायचा.

त्या वर्षीचं नाटक होतं एका राजपुत्राचं. शिकारीत चुकून त्याच्या हातून काका मरतो, देशोधडीला लागलेला तो भटकत भटकत कोळ्यांच्या एका गावाला येऊन लागतो. मेळा म्हणजे गावातले म्हातारे कोळी. आधी ते त्याला हाकलतात, मग त्यांचंच मन विरघळतं आणि ते गातात, 'उतर, पाहुण्या, किनाऱ्यावर उतर, तुझ्या हातांवरचं रक्त आम्ही धुतलं.' लांपोन अंगणात वल्ही तासता तासता ही ओळ घोळवायचा. गाताना त्याला रडू यायचं. खरा हद्दपार माणूस आखाताच्या पलीकडे त्रोइझेनमध्ये दगड वाहतोय, हे त्या रडण्यात एकदाही त्याच्या मनाला शिवलं नाही.

नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. मेळ्याने चेहऱ्यावर चढवलेले मुखवटे रीतीप्रमाणे देवळात टांगले गेले. दुसऱ्या दिवशी लांपोन डोक्यावरची बक्षिसाची, आयव्हीच्या वेलीच्या पानांची माळ न काढताच मिरवत धक्क्यावर आला, तर तिथे गर्दी. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक होडी उभी होती आणि होडीत पिकल्या दाढीचा देक्सिओस.

मेळ्यातला स्कामोन म्हणाला, "लांपोन, तुझं गाणं भलतंच लागू पडलं रे."

फिलिन्ना पुढे आली. "मी निरोप धाडला त्याला."

"कशाच्या जोरावर, मावशी?"

"तू रोज अंगणात ओरडत होतास, उतर म्हणून. सगळ्या आळीने ऐकलंय."

"ते नाटकातलं होतं."

"मला भाकरीवालीला काय कळतंय नाटकातलं?"

"तुला कळत होतं."

"हो, कळत होतं," म्हातारी म्हणाली. "पण दुसरं काही तुझ्या तोंडून यायची वाट बघायला माझ्याकडे दिवस कुठे उरलेत?"

लोक लांपोनकडे बघत होते. काल हजारोंसमोर त्याला लाज वाटली नव्हती, कारण चेहरा झाकलेला होता. आज या चार ओळखीच्या माणसांत त्याला तोंड कुठे लपवावं ते कळेना. त्याने माळ काढून हातात धरली.

होडीतून देक्सिओस म्हणाला, "दादा, नाही म्हणालास तरी मी परत जाईन. आई डोळ्यांना दिसली, पुष्कळ झालं. फक्त गाऊन सांगू नकोस."

लांपोन कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि त्याने होडीची कड धरली.

"उतर, देक्सिओस. माझा राग केव्हाच गेला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लोक मान देत होते."

कोणी हसलं नाही. स्कामोनने नजर फिरवली. देक्सिओस होडीतून उतरला आणि पाण्यातच रडला.

परतलेल्याने आधी मेलेल्याच्या कबरीवर तेल वाहायचं असतं. लांपोन पुढे होऊन वाट दाखवू लागला. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला, रान माजलेल्या एका दगडाशी तो वाकला. "गवत फार वाढलंय," म्हणत उपटूही लागला.

फिलिन्नाने त्याचं कोपर धरलं. "ती नव्हे, बाबा. ती कुंभाराची. आपली पुढे आहे."

पुढचा दगड स्वच्छ होता. त्याला नवी फीत बांधलेली होती आणि पायाशी तेलाची कुपी ठेवलेली होती.

"हे कोण करतं?" लांपोनने विचारलं.

"तुझ्या दारातून परत जाताना वाटेतच लागते ना ही."

तिने पदराआडून भाकरी काढून मोडली. अर्धी दगडापाशी ठेवली आणि अर्धी, या वेळी उंबऱ्यावर न ठेवता, लांपोनच्या हातात दिली. ती त्याने खाल्ली नाही, दगडापाशी पहिल्या अर्धीशेजारी ठेवली.