सोबतीला मी होते

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या महाल वस्तीत तेव्हा, सत्तरच्या दशकात, साखरपुडा झाला की मुलाला मुलीला फिरायला नेता यायचं. पण दोघांनीच नाही. घरातली एखादी मुलगी सोबतीला द्यायची. माझी मावसबहीण कुमुद, तिच्या वेळी ती मुलगी मी. एकोणीस वर्षांची. आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं. तिचा होणारा नवरा श्रीधर माझंही सिनेमाचं तिकीट काढायचा. मावशीच्या पाया पडल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. सगळी गल्ली त्याच्यावर खूश होती.

कुमुदने कुणाशी बोललेलं त्याला खपत नसे. तिने कोणती साडी नेसायची, तेही तोच ठरवायचा. आम्ही तिला चिडवायचो — किती गं जीव टाकतो तुझ्यावर! प्रेम म्हणजे हेच, असं वाटायचं. खरंच वाटायचं का? की तसं वाटून घेणं सोयीचं होतं?

एका रविवारी अंबाझरीच्या तलावावर कुमुदच्या कॉलेजातला एक मुलगा भेटला. ती हसून दोन शब्द बोलली, तो निघून गेला. नंतर श्रीधरने तिच्या कानाखाली मारली. एकदा नाही. ती बाकावरून खाली पडली, तर दंडाला धरून उठवली आणि पुन्हा — मी शेजारीच उभी होते. उभीच राहिले.

परतताना तो सायकलवर पुढे होता, आम्ही दोघी रिक्षात. कुमुदने माझा हात घट्ट धरला. "तू सांग ना वं आईले. माझं कोणी ऐकणार नाही, नाटकं करून राहिली म्हणतील. तू तर पाहिलं ना."

दारातच मावशीने विचारलं, "गाल काहून सुजला वं हिचा?"

कुमुद माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, रिक्षाचा दांडा लागला.

एवढंच. मी खरं बोलले असते तर लग्न मोडलं असतं. सोबत दिलेल्या मुलीचा शब्द कुणी खाली पडू दिला नसता. पण मग माझंही फिरणं बंद झालं असतं. हो — मला भीती वाटली ती तेवढ्याचीच.

लग्न झालं. मी करवली म्हणून मिरवले. कुमुद दोनदा माहेरी पळून आली, दोन्ही वेळा मावशीने तिला समजावून परत पाठवलं — पुरुषाच्या हातून होतं असं रागाच्या भरात. मी तिथेच बसून मान हलवली. आज कुमुदला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

रागाच्या भरात? मला माहीत होतं, तसं नव्हतं. त्या रविवारी तलावावर तो कॉलेजातला मुलगा गेल्यावर श्रीधर शांत बसून राहिला होता. शेंगावाला पुढे जाईपर्यंत थांबला. एक म्हातारं जोडपं फिरत होतं, ते वळणाआड जाईपर्यंत थांबला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं — नीट, सावकाश — आणि हात उचलला. माझी त्याला अडचण वाटली नाही. मी कशी मुलगी आहे, हे त्याने ओळखलं होतं. आणि त्यात त्याची काही चूक झाली नाही.