बाटलीत औषध नव्हतं

ताई गेल्याचा फोन तिच्या पवईच्या लॅबमधून आला. तिची विद्यार्थिनी होती, रडत होती. "मॅडम उभ्याच होत्या हो… आणि एकदम पडल्या." हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला आणि समोरचा चहाचा कप भिंतीवर आपटून फोडला. आमच्या घरात दुःख असंच बाहेर येतं. आई लाटणं फेकायची, अशोकदादाचा हात चालायचा आणि नीलिमाताईची जीभ. दादाला मी लगेच कळवलं. तो स्मशानातही आला नाही.

कॅन्सरच्या औषधाला ताई सरळ मारेकरी म्हणायची. "सुपारी गाठीची दिलेली असते गं, आणि हा वाटेत भेटेल त्याला भोसकत सुटतो. केस, तोंड, आतडी…" त्या मारेकऱ्याला पॉलिमरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत कोंडायचं आणि थेट गाठीपाशी नेऊन सोडायचं, यात तिची हयात गेली. कण करताना पॉलिमर थेंबाथेंबाने सोडावा लागतो, घाई केली की गुठळ्या होतात. एका मुलाने घाई केली तेव्हा तिने त्याच्या हातातला चंबू हिसकावून बेसिनमध्ये फोडला होता. आणि प्रत्येक वेळी ती आधी औषध न घालता नुसते कण बनवायची. पॉलिमर स्वतःच विषारी नाही ना, हे बघायला. हे रिकामे कण वाळवले की पांढरी भुकटी होते, आणि खऱ्या औषधाचे कणही अगदी तसेच दिसतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी दादाच्या बायकोला, आमच्या वंदनावहिनीला कॅन्सर झाला. केमोने ती पार पिळून निघाली आणि शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा दादा विक्रोळीला ताईच्या घरी आला. मीही होते तिथे.

"तुझं औषध दे."

"दादा, ते अजून उंदरांवर चाललंय रे. निम्म्या उंदरांची लिव्हर गेली."

"उंदरांना देतेस आणि वहिनीला नाही?"

तो दार आपटून गेला. दुसऱ्या दिवशी ताईचं एका कॉलेजात भाषण होतं. मुलांना दाखवायला तिने पर्समध्ये रिकाम्या कणांची एक बाटली ठेवली होती, ती सकाळी सापडेना. दादानेच नेली असणार हे ओळखून तिने मला फोन केला, वाटेत रिक्षात घेतलं आणि आम्ही मुलुंडला दादाच्या घरी पोचलो. दादाने भुकटी सलाईनच्या पाण्यात कालवून सिरिंज भरली होती आणि वहिनीच्या हाताला लावलेल्या नळीशी तो बसला होता.

"रिकामं आहे रे ते! औषध नाही त्यात!" ताई ओरडली. "तिच्या पांढऱ्या पेशी संपल्यात, साधी घाण आत गेली तरी मरेल ती!"

"खोटं बोलतेस."

ताईने त्याचा हात धरला. त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, सिरिंज पडली. मी मध्ये गेले तर मला ढकलून त्याने ताईचं डोकं कपाटावर आपटलं. वहिनीच्या चादरीवर रक्त उडालं. आणि त्या सगळ्यात वहिनीने हात पुढे केला. "द्या ना गं मला… काहीही द्या." ताईने तिच्याकडे पाहिलं. मग सिरिंज आणि उरलेल्या भुकटीची बाटली चपलेखाली चिरडली. परत येताना रिक्षात ती ओढणी तोंडात कोंबून रडली.

काही आठवड्यांनी वहिनी गेली. चितेपाशी दादा सगळ्यांदेखत ओरडला, "हिने मारली!" ताईसारखी फटकळ बाई, पण तिने तोंड उघडलं नाही. त्यानंतर दादाने तिचं नाव घेतलं नाही, तिच्या घराची पायरी चढला नाही. ताई मात्र कण बनवत राहिली. उंदीर जगायला लागले तेव्हा तिने मला फोन केला आणि विचारलं, "दादाला सांगू का गं?" सांगितलं नाहीच.

मागच्या रविवारी ताईचं घर आवरत होते, तर दादा दारात. खूप म्हातारा दिसत होता. स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "ती बाटली रिकामीच होती ना?"

"हो."

"मला माहीत होतं. तिचा चेहरा बघून तेव्हाच कळलं होतं."

"मग एवढी वर्षं…?"

"मग वंदना गेल्याचा राग कोणावर काढू?"

हातातलं पातेलं मी फेकून मारलं. त्याच्या खांद्याला लागलं. त्याने चुकवलंही नाही आणि हातही उचलला नाही. खांदा चोळत खाली मान घालून निघून गेला.

मग मी दारामागचा खिळा रिकामा करायला घेतला. वीजबिलांच्या पिशवीखाली ताईच्या घराची एक जादा किल्ली लटकत होती. ताई लॅबमधल्या बाटल्यांना लावायची तशी तिला पांढरी पट्टी चिकटवलेली, आणि त्यावर तिच्या अक्षरात 'दादा'. पट्टी नवी होती, जुनी निघाली की ती बदलत असणार. खिडकीतून पाहिलं, तो अजून फाटकापाशीच उभा होता, रिक्षा मिळत नव्हती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी मारली नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ताईने धावत जाऊन दिली असती… मला नाही जमत.